पाच फुटी मरीन टँक : प्लंबिंग पूर्ण, पाणी फिरू लागलं

कोथरूडच्या आमच्या घरातला खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक अखेर चालू झाला. पाइप जोडून झाले, आधी बरेच दिवस नुसतं गोडं पाणी फिरवून एकेक सांधा टिश्यू पेपर लावून तपासला, आणि आता त्यात मीठ पडलं आहे. मासे अजून नाहीत. ही नोंद मुख्यतः पाइपांची आहे. मोठ्या टँकमध्ये सगळ्यात कमी लिहिलं जातं ते यावरच, आणि घरात पाणी शिरतं तेही इथूनच.

आधी मापं. मुख्य टँक ५ × २ × २ फूट, १२ एमएमची साधी काच. टफन काचेला नंतर भोक पाडता येत नाही, म्हणून साधीच घेतली. खाली ३ × दीड × दीड फुटांचा संप, म्हणजे वरून उतरणारं पाणी जमा होऊन पंपाने परत वर जातं ती टाकी. दगडांनी व्यापलेली जागा धरूनही फिरतं पाणी साडेपाचशे लिटरच्या वर आहे. काच, पाणी, दगड आणि लोखंडी स्टँड मिळून वजन साडेआठशे किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं दहा चौरस फुटांवर. घरातल्या खोल्यांचा स्लॅब सहसा दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून काढलेला असतो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावून बिल्डिंगचा नकाशा दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून टँक बीमवरच्या भिंतीला लांबीने टेकवून ठेवला. पाच फुटी किंवा त्याहून मोठा टँक घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच. स्टँड ५० एमएमच्या चौकोनी एमएस पाइपचा, एपॉक्सी मारलेला, वर मरीन प्लाय आणि फोम. पाणसळ लावून दोन्ही बाजू एका पातळीत आणल्याशिवाय काच वर चढवली नाही.

आता पाइप. सगळी रचना मी एकाच प्रश्नावर बेतली: पंप बंद पडला तर काय? पंप बंद पडणारच. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि पावसाळ्यात वार कोणताही असो, जाते. वीज गेली की वर जाणारं पाणी थांबतं आणि टँकमधलं पाणी खाली येत राहतं. ते किती येणार हे आपण ठरवायचं.

आमच्या टँकमध्ये पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण पावणेनऊ लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं, म्हणजे पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं, तोंड पृष्ठभागाच्या तीन सेंटिमीटर खाली असेल, तर पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन होऊन सव्वीस लिटरच्या आसपास पाणी ओढतो. त्यात ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टँकमधून सांडणारं पाणी झेलणारा कप्पा) आणि पाइपातलं पाणी मिळवा. मी पन्नास लिटर धरले आणि संपमध्ये चालू पातळीच्या वर ऐंशीच्या आसपास लिटर जागा मोकळी ठेवली. संपच्या काचेवर मार्करने रेघ मारली आहे. पंप चालू असताना पाणी त्या रेघेवर चढू द्यायचं नाही.

रिटर्नच्या पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडलं आहे. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. बरेच जण या कामासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबतात. मला ते पटत नाही. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर चुनखडीचा थर बसतो, कधी गोगलगाय अडकते, आणि नेमक्या वेळी ती झडप नीट बसत नाही. भोक मात्र दर आठवड्याला ब्रशने साफ करायचं, हे विसरून चालणार नाही.

खाली येणाऱ्या पाण्यासाठी हर्बी पद्धत घेतली: दोन पाइप. मुख्य पाइप पूर्ण भरून वाहतो, त्यात हवा नसते, म्हणून खळखळाट होत नाही. त्यावर गेट व्हॉल्व्ह असतो आणि तो थोडा थोडा आवळून ओव्हरफ्लो बॉक्समधली पातळी स्थिर करायची. दुसरा पाइप त्याहून उंच, कोरडा. मुख्य पाइपात काही अडकलं तर पाणी चढून या दुसऱ्यातून उतरतं, आणि त्याचा आवाज इतका मोठा येतो की शेजारच्या खोलीतही कळतं. दुसऱ्या पाइपवर कोणताही व्हॉल्व्ह बसवायचा नाही.

मुख्य पाइपवर बॉल व्हॉल्व्ह चालत नाही असं नाही, पण तो पाव चक्रात पूर्ण उघडतो किंवा बंद होतो, बारीक फरक जमत नाही. दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की बहुतेक वेळा पितळी समोर येतो. पितळ अजिबात नको. त्यात तांबं आणि जस्त असतं, आणि तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि बाकीच्या अपृष्ठवंशी जिवांना मारतो. सीपीव्हीसीच्या पितळी चुडी (आटे) बसवलेल्या फिटिंग्जही म्हणूनच बाद. स्टीलचे क्लॅम्पसुद्धा खाऱ्या पाण्याजवळ राहिले की गंजतात, मी प्लॅस्टिकचे वापरले.

मापांचा घोळ नीट समजून घ्या. आपल्याकडे यूपीव्हीसीचे पाइप दोन मापांत मिळतात. घराच्या प्लंबिंगचे इंची असतात, त्यात दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८.३ एमएम. शेतीचे पाइप मिलिमीटरमध्ये, तिथे ५० म्हणजे खरोखर ५०. एक इंची ३३.४, आणि शेतीचा त्याच्या जवळचा ३२. हातात धरले तर सारखेच वाटतात, पण एकमेकांत बसत नाहीत, आणि सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) ती फट भरून काढत नाही. बाहेरून येणारे टँक कनेक्टर अनेकदा मिलिमीटरचे असतात. म्हणून आधी कनेक्टर हातात घेतले, मग तेच घेऊन पेठेतल्या दुकानात गेले आणि सगळं तिथेच कोरडं जोडून पाहिलं.

आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांना मदतीला बोलावलं होतं. आराखड्यातले युनियन, म्हणजे हाताने फिरवून सोडता येणारे जोड, बघून ते म्हणाले, "ताई, एवढे युनियन कशाला? जेवढे सांधे, तेवढी गळती." घराच्या लाइनसाठी त्यांचं म्हणणं बरोबर आहे. भिंतीतली लाइन एकदा बुजवली की वर्षानुवर्षं उघडायची नसते. इथे मात्र दर काही महिन्यांनी पंप काढून व्हिनेगरमध्ये बुडवावा लागतो. मी त्यांना म्हणाले, "काका, करवत न लावता सगळं सुटं झालं पाहिजे." मग पंपाच्या पुढे, दोन्ही उतरत्या पाइपांवर आणि चिलरसाठी (पाणी थंड करणारं यंत्र) ठेवलेल्या टीला त्यांनी मनापासून युनियन बसवून दिले. चुडीच्या जोडांना फक्त टेफ्लॉन टेप लावली, सफेदा आणि धागा कुठेच नाही. ९० अंशांच्या एल्बोऐवजी जिथे जमलं तिथे ४५ अंशांचे दोन वापरले. पाणी सहज उतरतं आणि कचरा अडकत नाही.

वीज: सगळ्या प्लगांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायर प्लगच्या खालून वळवून वर नेली आहे, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही. रिटर्न पंप आणि वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा छोटा पंप) मिळून साठेक वॅट घेतात, ते दोन्ही घरच्या इन्व्हर्टरवर. हीटर त्यावर नाही.

पाण्यासाठी आरओ आणि पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर), टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य. आमच्याकडे धरणाचं पाणी येतं, उन्हाळ्यात त्यात टँकरचं मिसळतं, आणि मीटरवरचा आकडा त्याप्रमाणे बदलतो. म्हणून आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएसही लिहून ठेवते. वाया जाणारं पाणी फरशी पुसायला आणि फ्लशला जातं. समुद्राचं पाणी का आणत नाही, असं घरी येणारे सगळे विचारतात. कोकण किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात पातळ आणि गढूळ होतं, आणि कॅनमध्ये बंद राहिलं की त्यातले सूक्ष्मजीव मरून ते नासतं. कृत्रिम मीठ महाग पडतं, पण दर वेळी सारखंच असतं. घनता १.०२६, म्हणजे क्षारांचं प्रमाण दर हजारी ३५. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावून घेतला. फक्त आरओच्या पाण्यावर शून्य केलेला पुरत नाही.

तापमानाच्या बाबतीत पुण्याची हवा आपल्या बाजूने आहे. एप्रिल-मेमध्ये ती तापते, पण कोरडी असते, म्हणून संपवर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी चांगलं थंड होतं. जुलैत हवा दमट, पंखा निकामी, पण तेव्हा मुळात उकाडा कमी. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर नेहमी गोड्या आरओ पाण्याचीच, फ्लोट लावून आपोआप. मेच्या दुपारी पंखा अपुरा पडेल असं वाटतं. त्यासाठी चिलर बाल्कनीत ठेवणार आहे, खोलीत ठेवला तर त्याचीच उष्णता टँककडे परत येईल.

दगड सगळे कोरडे, कृत्रिम. प्रवाळांबद्दल माझं मत ठाम आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्या समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांना आणि समुद्री घोड्यांना संरक्षण आहे. ते कोणी पिशवीत देऊ केलं तर घ्यायचं नाही. क्लाउनफिश मात्र बंदिस्त टाक्यांत पैदा होतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्याकडे बसवलं आहे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा अशी जोडी घेणं मला जास्त बरोबर वाटतं, आणि ती तयार खाद्यही लवकर खाऊ लागते.

सध्या अमोनियम क्लोराइड टाकून सायकल चालू आहे, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू देते आहे. अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट वर चढलं आहे. दोन्ही शून्यावर येईपर्यंत टँकमध्ये काही सोडणार नाही. मधल्या काळात चिलरची लाइन पूर्ण करायची आणि मुख्य पाइप मुद्दाम कापडाने बुजवून कोरडा पाइप सगळं पाणी एकटा पेलतो का, हे पंप पूर्ण वेगात ठेवून पाहायचं आहे.