टेल्मिसार्टन: पाकिटातून कधी काढायची, कधी थांबवायची

बीपीची ही गोळी आज घराघरात आहे. ४० किंवा ८० मिलिग्रॅमची, दिवसातून एकदा. सुरक्षित म्हणावी अशीच. त्रास होतो तो बहुतेक वेळा तिच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे: डबी, दुसरं पाकीट, गुडघेदुखीची गोळी, जुलाब.

डबीपासूनच सुरुवात करू. सात खणांच्या डबीत रविवारी आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवायची सवय चांगली आहे, पण टेल्मिसार्टन त्या डबीत उघडी ठेवायची गोळी नाही. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून गोळी बनवताना त्यात अल्कली मिसळतात, आणि असं मिश्रण हवेतली ओल ओढून घेतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलै महिन्यात उघडी गोळी मऊ पडते, कडेने भुगा सुटतो. मग तिच्यातून औषध ठरल्याप्रमाणे सुटेल याची खात्री नाही. गोळी फॉइलमधून काढायची ती तोंडात टाकायच्या वेळीच. डबी हवीच असेल तर कात्रीने एकेक कप्पा कापून फॉइलसकट ठेवता येतो, मात्र कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा फेकू नका. ज्यांना नीट दिसत नाही अशा आजी-आजोबांसाठी हा उपाय करूच नका. फॉइलसकट गोळी गिळली जाते, आणि त्या कडा अन्ननलिका कापतात. त्यांना रोज कोणीतरी हातावर गोळी काढून द्यावी, हे बरं.

८०ची गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवण्याची काटकसरही याच कारणासाठी नको. उरलेली अर्धी दिवसभर ओल पीत पडते. डॉक्टरांनी ४० सांगितली असेल तर ४०चंच पाकीट मागा.

आता पाकिटावरची अक्षरं. नाव तेच, पण मागे 'एएम' लागलं की बहुधा आत अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीचंच दुसरं औषध ५ मिलिग्रॅम असतं. 'एच' लागलं की हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, साधारण १२.५ मिलिग्रॅम. तिन्ही एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. घोळ होतो तो दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाल्यावर. नव्या कागदावर 'एएम' लिहिलेलं असतं, घरी जुनी साधी टेल्मिसार्टन शिल्लक असते, आणि "वाया कशाला घालवायची" म्हणून दोन्ही सुरू राहतात. चार-पाच दिवसांनी न्हाणीघरातून उठताना भोवळ येते. म्हणून ब्रँडचं नाव सोडा, त्याखालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. एकच नाव दोन पाकिटांवर दिसलं तर थांबा, मेडिकलवाल्याला नाहीतर डॉक्टरांना दाखवा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या बीपीच्या दुसऱ्या गोळ्यांच्या जोडीलाही टेल्मिसार्टन नको. 'ऑनटार्गेट' या २००८ सालच्या मोठ्या अभ्यासात रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहिले होते: फायदा वाढला नाही, मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढला.

गोळी सकाळी की रात्री, यावर लोक जितका वाद घालतात तितका त्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०२२ साली आला. सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या बाबतीत फरक नव्हता. लक्षात राहील ती वेळ तुमची. जेवणाआधी-जेवणानंतर हाही नियम नाही. एकादशीलाही ती घ्यायची असते. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम नाहीत. शरीरातलं निम्मं औषध जायलाच साधारण २४ तास लागतात, त्यामुळे एका चुकीने आभाळ कोसळत नाही. सुरुवातीला पूर्ण परिणाम दिसायलाही साधारण चार आठवडे लागतात. तीन दिवसांत "ही गोळी लागू पडत नाही" असं ठरवणं घाईचं होतं.

मूत्रपिंडाचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. मूत्रपिंडातल्या प्रत्येक बारीक चाळणीला रक्त आणणारी एक नळी असते आणि नेणारी एक. टेल्मिसार्टन नेणारी नळी सैल करते, त्यामुळे चाळणीतला दाब उतरतो. एरवी हे चांगलंच, मधुमेहात तर फारच चांगलं. पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही दुखण्यावरची औषधं आणणारी नळी आवळतात. त्यात 'एच'मधलं लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. येणारं रक्त कमी, जाणाऱ्याला वाट मोकळी, वर पाण्याचा तुटवडा: चाळणीत दाब उरत नाही आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) चढायला लागतं. अंगदुखीला, तापाला पॅरासिटामॉल चालतं. गुडघ्यांसाठी रोजची दुसरी गोळी कोणी दिलीच, तर बीपीची गोळी चालू असल्याचं तोंडाने सांगा.

जुलाब-उलट्या आणि तापात अन्नपाणी तुटणं यांचंही गणित तेच. पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर डॉक्टरांना फोन करून विचारा, "आजची टेल्मिसार्टन घेऊ का?" बहुतेक वेळा ती एक-दोन दिवस थांबवतात आणि खाणंपिणं पूर्ववत झालं की पुन्हा सुरू करतात. पुन्हा सुरू करायचं विसरणं ही इथली नेहमीची चूक. हृदय कमकुवत असल्यामुळे ही गोळी चालू असेल, तर स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गोळी सुरू करण्याआधी आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला हवं. क्रिएटिनिन थोडं वाढणं अपेक्षित असतं. आधीच्या आकड्यापेक्षा ३० टक्क्यांच्या वर गेलं तर कारण शोधायचं. पोटॅशियमची गोष्ट जास्त फसवी, कारण ते वाढल्याचं आपल्याला कळतच नाही आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. इथे 'बीपीवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ' आड येतं. पाकिटाच्या मागे पोटॅशियम क्लोराइड लिहिलं आहे का पाहा. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाला ते मीठ फायद्याचं असू शकतं, पण टेल्मिसार्टनसोबत डॉक्टरांना न विचारता नको. मूत्रपिंड आधीच अशक्त असेल तर रोजचं शहाळंही त्याच हिशेबात धरा. स्पायरोनोलॅक्टोन आणि लघवीच्या संसर्गावर देतात ते को-ट्रायमोक्साझोल हीसुद्धा पोटॅशियम वाढवणारीच. (उपवासाचं सैंधव म्हणाल, तर त्यातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. त्याने बीपी उतरत नाही.)

गरोदरपणात ही गोळी चालत नाही, अजिबात. बाळाच्या मूत्रपिंडावर तिचा वाईट परिणाम होतो. पाळी चुकली आणि चाचणीत दिवस राहिल्याचं कळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लॅबेटालॉल, मिथाइलडोपा, निफेडिपिन असे पर्याय आहेत. मूल हवं असेल तर औषध आधीच बदलून घेणं उत्तम.

'एएम' घेणाऱ्यांच्या घोट्यांना संध्याकाळी सूज येते, ती अ‍ॅम्लोडिपिनची. त्यावर लघवीची गोळी फारशी उपयोगी नाही, डोस कमी करणं किंवा औषध बदलणं हा उपाय. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र वाट न पाहता दवाखाना, आणि गोळी कायमची बंद.

गोळी काम करते की नाही हे डोकेदुखीवरून ठरत नाही, मोजावं लागतं. चहा, तंबाखू, जिना यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. घरच्या मापात १३५/८५ ही रेषा धरतात.

एखाद्या रात्री १८०/१२० दिसलं आणि बाकी काही होत नसेल, तर शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर डॉक्टरांना फोन करा. जास्तीची गोळी घेऊ नका, जिभेखाली कॅप्सूल फोडून तर नाहीच. बीपी झपाट्याने पाडलं तर मेंदूला रक्त कमी पडू शकतं. एवढ्या बीपीसोबत छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एक हात लुळा पडला असेल, तर १०८ला फोन करा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.