पावसाळ्याआधी फ्लूची लस

आमच्या धाकट्याला दमा आहे, साधी सर्दी झाली तरी लगेच छातीत घरघर आणि मग रात्रभर स्पेसर लावून पंप देत बसायचं, म्हणून मे महिना आला की फ्लूची लस ठरलेली. सासूबाई म्हणतात, आधीच नाजूक पोर, त्यात अजून सुई कशाला! अहो उलट आहे ना, दमा, हृदयाचे, किडनीचे आजार असलेल्या पोरांनाच फ्लू जड जातो, पार न्यूमोनियापर्यंत. आणि इंजेक्शनमधला व्हायरस जिवंत नसतो, त्याने फ्लू होत नाही, फार तर एखादा दिवस कणकण येते, दंड दुखतो, बस.

बाळ ६ महिन्यांचं झालं की देता येते. ९ वर्षांच्या आतल्या मुलांना पहिल्यांदा ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस, मग दरवर्षी १, कारण व्हायरस रूप बदलत राहतो. असर यायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधीच उरका.

चीड एकाच गोष्टीची येते, सरकारच्या मोफत लसीकरणात ही नाही, २००९ चा पुण्यातला स्वाइन फ्लू बघूनसुद्धा! यंदा सासूबाईंनाही टोचून आणणारे, बघू तयार होतात का.