अप्लाय केलं, पण उत्तर कोण देणार?

मागच्या सोमवारी शेठ म्हणाले, मॅडम, तुमच्या हाताखाली एक माणूस घेऊया, जाहिरात तुम्हीच टाका, बघा पण तुम्हीच. मी दुपारी जेवणानंतर नोकरीच्या पोर्टलवर टाकली. अकाउंट्स असिस्टंट, बीकॉम, टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर यायला हवं, जीएसटीचं बेसिक, साकीनाका, सोमवार ते शनिवार. बुधवारी सकाळी उघडून बघितलं तर ४१२ अर्ज. आमचं ऑफिस म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा, माणसं अकरा, आणि एका जागेला ४१२ जण. चहा तसाच गार झाला, मी नुसती खाली खाली स्क्रोल करत राहिले. कारण २०२३ मध्ये अशाच कुठल्या तरी यादीत माझं नाव असणार आणि ती यादी कुणी पूर्ण उघडली पण नसणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

माझं सांगते. लग्नाआधीपासून अकाउंट्समध्येच होते, २०१८ ला मुलगी झाली आणि घरात बघणारं कोणी नव्हतं म्हणून जॉब सोडला, मग कोविड आला, असं करत करत पाच वर्षं गेली. लेक शाळेत जायला लागली तेव्हा परत सुरुवात केली, म्हणजे रात्री अकरा वाजता, ती झोपल्यावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन अप्लाय अप्लाय अप्लाय. एक एक्सेल केली होती, तारीख, कंपनी, जागा कुठे, काय झालं. चार महिन्यांत १४३ ओळी झाल्या. शेवटच्या कॉलममध्ये फोन आला असं फक्त दोन ठिकाणी, नाही म्हणून मेल आला असं सहा ठिकाणी, बाकी कॉलम रिकामा. तो रिकामा कॉलम मला अजून आठवतो. नाही म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते, पण रिकाम्या कॉलमचं काय करायचं ते कळत नाही, रोज उठून मेल बघायचा, स्पॅम पण बघायचा, अनोळखी नंबर आला की भाजी परतायची सोडून उचलायचा आणि पलीकडे लोन देणारे.

फॉर्मवर एक खाना असतो, सध्याचा सीटीसी, म्हणजे आत्ताचा वर्षाचा पगार, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरी असलेल्या बाईने त्यात काय लिहायचं? मी शून्य लिहायचे. नोटीस पिरियड, तिथे पण शून्य. आता इकडच्या बाजूने बघितल्यावर कळलं की फिल्टर लावता येतो, सध्याचा पगार इतका ते इतका, आणि तो लावला की शून्यवाले सगळे एका झटक्यात गायब. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, एचआरची मुलगी बिचारी यादी लहान करायला बघत असते, पण त्या एका क्लिकमध्ये बाळंतपणानंतर परत उभं राहायला बघणाऱ्या कितीजणी बाहेर पडत असतील ह्याचा विचार केला की पोटात तुटतं.

दुसरी गोष्ट सीव्हीची. भाचीने मला सुंदर डिझाईन करून दिला होता, डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, फोन, स्किल्स, उजवीकडे अनुभव. प्रिंट काढली की मस्त दिसायचा. पण बऱ्याच कंपन्यांकडे आधी सॉफ्टवेअर सीव्ही वाचतं, त्याला एटीएस म्हणतात, आणि ते मजकूर उचलून खान्यांत टाकतं. एकदा अपलोड केल्यावर पुढचं पान आपोआप भरून आलं ते मी नीट बघितलं तर नाव रिकामं, आणि कंपनीच्या खान्यात चक्क टॅली. फोन नंबर तर कुठेच नाही, कारण तो वरच्या हेडरमध्ये होता आणि बरीच सॉफ्टवेअरं हेडर-फूटर वाचतच नाहीत. म्हणजे त्याआधी किती ठिकाणी माझा अर्ज नाव-नंबराशिवाय गेला असेल देव जाणे. त्या रात्रीच सगळं काढून साधा एका कॉलमचा वर्डमधला सीव्ही केला, टेबल नाही, फोटो नाही, नाव-नंबर पहिल्या दोन ओळीत. कुणी आत्ता शोधत असाल तर हे आजच करून टाका. अपलोड झाल्यावर ते आपोआप भरलेलं पान ओळ न् ओळ वाचा, मशीनला तुम्ही कसे दिसता ते तिथेच कळतं.

आणि प्रोफाईल टाकल्यावर चौथ्या का पाचव्या दिवशी व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर आलं, मोठ्या कंपनीचा लोगो, अभिनंदन, फक्त कागदपत्रांसाठी १,५०० रुपये, नंतर परत मिळतील. मी गूगल पे उघडला पण होता. नवरा म्हणाला, अगं नोकरी देणारा पैसे कशाला मागेल. तेवढ्यावर थांबले. माझ्याबरोबर शोधणाऱ्या एका मैत्रिणीचे मात्र गेले. असं झालं तर लाज वाटून गप्प बसू नका, १९३० ह्या सायबर हेल्पलाईनला ताबडतोब फोन करा, जितका लवकर केला तितकी पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

ह्या सगळ्यात बाबा एक दिवस म्हणाले, अगं तू जाऊन का नाही येत?

बाबांचं शोधणं वेगळंच होतं. ते डिलाईल रोडला राहायचे आणि कापड गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर त्या दिवसापुरता त्याच्या जागी. त्यासाठी रोज सकाळी सातच्या पाळीआधी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, घेतलं तर आत, नाही तर परत घरी. लहानपणी आम्हाला ती गोष्ट ऐकून वाईट वाटायचं, रोज उठून असं उभं राहायचं म्हणजे काय. पण त्या दिवशी माझी एक्सेल बघून ते म्हणाले, आम्हाला सव्वासातला कळायचं गं, आज आहे का नाही. मग माणूस दुसरं काही तरी बघायला मोकळा. मला ते वाक्य एवढं लागलं की मी लॅपटॉप बंदच केला.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि अनेकांना गिरणी परत दिसलीच नाही, त्यातले बाबा एक. मग ते लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटींमधून दार दार फिरले. किती दिवस ते सांगत नाहीत. शेवटी एका बाईंडिंगच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पायाने मिळवलेली नोकरी, असं ते अजून म्हणतात.

तर मी ठरवलं, आठवड्यातले दोन दिवस जाऊन बघायचं. लेकीला शाळेत सोडायचं, डोंबिवलीहून फास्ट लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो. फाईलमध्ये दहा सीव्ही, डिग्रीची आणि आधारची झेरॉक्स, दोन फोटो. पहिल्या दिवशी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला, गेले ते चुकलंच. काचेच्या बिल्डिंगी, खाली रिसेप्शन, कुणाला भेटायचंय, अपॉइंटमेंट आहे का, नंबर सांगा ओटीपी येईल. ज्याला भेटायचंय त्याचं नावच माहीत नाही तर ओटीपी कोण पाठवणार. तिथले सिक्युरिटीचे काका चांगले होते, म्हणाले ताई इथे सगळं वेबसाईटवरूनच, उगाच ऊन खाऊ नका. खरंच आहे ते. मोठ्या ठिकाणी दारात जाण्याला आता काही अर्थ उरलेला नाही, वॉक-इन, म्हणजे थेट या आणि मुलाखत द्या, असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच जावं, आणि तेव्हा पण दिलेल्या वेळेच्या तासभर आधी.

पण साकीनाका, मरोळ, चांदिवली ह्या भागातल्या गाळ्यांची गोष्ट निराळी. इस्टेटच्या गेटमधून आत गेलं की भिंतीवर पाटी असते, गाळा नंबर आणि नाव, त्यातलं एक एक बघत जिना चढायचा. अशा ठिकाणी एचआर वगैरे नसतो, मालक नाही तर मॅनेजर समोरच बसलेला असतो, आणि माणूस लागत असला तरी पोर्टलवर टाकायला कुणाला वेळ नसतो. तुम्ही दारात उभे राहिलात की त्याला काहीतरी बोलावंच लागतं. जागा नाही. दिवाळीनंतर या. खालच्या मजल्यावर विचारा, त्यांचा माणूस गेलाय. हे तिसरं वाक्य कुठल्या पोर्टलवर मिळणार सांगा.

सगळं गोड होतं असं नाही. एका ऑफिसात मला बसवून विचारलं, मुलगी किती वर्षांची, आजारी पडली तर कोण बघणार, सेंट्रल लाईन म्हणजे पावसात तुमच्या दांड्याच ना. कामाबद्दल एक प्रश्न नाही. मी उत्तरं दिली आणि शेवटी ते नाही म्हणाले. खाली येऊन वडापावच्या गाडीपाशी उभी राहिले तर हात थरथरत होते. स्क्रीनवर असं तोंडावर बोलत नाही कोणी, हा ऑनलाईनचा मोठा आधार आहे आणि तो मी नाकारणार नाही. शिवाय ज्या बाईला घरातून निघताच येत नाही, जो मुलगा गडचिरोलीत बसलाय आणि ज्याला मुंबईचं तिकीट परवडत नाही, त्याला रात्री अकरा वाजता अर्ज करता येतो ही लहान गोष्ट नाही. पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढायला, रिन्यू करायला रांगा असायच्या, आता ती नोंदणी सरकारच्या महास्वयम साईटवर घरबसल्या होते, पोलीस भरतीचा फॉर्म पण ऑनलाईन भरता येतो. अर्थात १६०० मीटर धावायला मात्र पोरांना मैदानावर यावंच लागतं, आणि ते बरोबरच आहे, कारण धावणं कागदावर कळत नाही.

माझं कामही कागदावर कळत नव्हतं, हे मला जुलैत समजलं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता, मी निम्मी भिजलेली, फाईल ओढणीखाली धरलेली. आताचे माझे शेठ टेबलापाशी बिलांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मी म्हटलं अकाउंट्सचं काम येतं, पाच वर्षांचा गॅप आहे, आधीच सांगते. त्यांनी सीव्ही घेतला पण बघितला नाही, गठ्ठ्यातली एक बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती, काढून माझ्यापुढे सरकवली, भिवंडी ते साकीनाका, भाडं ८,४०० रुपये, जीएसटी काहीच लावलेला नाही. म्हणाले, मॅडम ह्याची एन्ट्री करून दाखवा. जुना कॉम्प्युटर, कीबोर्डवरची काही अक्षरं पुसलेली. मी भाडं खर्चाला टाकलं, ट्रान्सपोर्टरला क्रेडिट केलं, आणि मग म्हटलं, शेठ ह्यावर रिव्हर्स चार्ज येतो, ट्रान्सपोर्टरने लावला नसेल तर ५ टक्के आपण भरायचा, म्हणजे ४२०, केंद्राचा सीजीएसटी २१०, राज्याचा एसजीएसटी २१०, हा रोखीने भरावा लागतो, खरेदीवर भरलेल्या टॅक्सच्या क्रेडिटमधून वळता करता येत नाही, पण भरला की त्याचं क्रेडिट आपल्याला मिळतं. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आमच्या आधीच्या माणसाने वर्षभर हे भरलंच नाही, नोटीस आलीय. मग गठ्ठ्याकडे बोट दाखवून, हे सगळं असंच आहे. सोमवारपासून या.

तीन मिनिटं लागली असतील. १४३ अर्जांमध्ये मी प्रत्येक वेळी जीएसटी नॉलेज असं लिहिलं होतं.

म्हणून आता ह्या ४१२ जणांचं काय करायचं हा माझ्यापुढे खरा प्रश्न आहे. का उत्तर येत नाही ते आता कळतं मला, एका क्लिकवर अर्ज जातो म्हणून लोक जाहिरात न वाचता पाठवतात, मेकॅनिकल इंजिनियर आहेत ह्यात, ब्युटिशियन आहेत, इंदूरचे आहेत, आणि इकडे वाचणारी मी एकटी, महिन्याची २० तारीख, जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं असतं त्याच आठवड्यात. तरीही मी असं मानते की जाहिरात टाकणारा उत्तराचं देणं लागतो. पोर्टलवर एकदम अनेकांना मेसेज पाठवायची सोय असते, दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो. मी लिहिल्या: आपला अर्ज वाचला, ह्या जागेसाठी आपली निवड करता येत नाही, पुढच्या शोधासाठी शुभेच्छा. आणि वाचला असं लिहायचं म्हणून प्रत्येक अर्ज खरंच उघडतेय, फिल्टर न लावता. रोज संध्याकाळी सहानंतर अर्धा तास. काल रात्रीपर्यंत २३० झाले. त्यातल्या एकीने परत लिहिलं, मॅडम, रिप्लाय दिल्याबद्दल थँक्यू, तीन महिन्यांत पहिला आहे. सीटीसीच्या खान्यात तिने शून्य लिहिलं होतं. तिचा अर्ज मी परत उघडला, टॅली आहे, दिवा स्टेशनजवळ राहते, चार वर्षांचा गॅप. माझ्याकडून घाईत तिला नकाराचा मेसेज गेला होता. शुक्रवारी अकरा वाजता तिला बोलावलंय. बिल्टी काढून ठेवलीय.