रिव्हर्स खरखरला की आधी गिअरबॉक्सला शिव्या देऊ नका

आजचा रविवार माझदा मियाटा या छोट्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीच्या क्लचखाली गेला. १९८९ ते १९९७ची पहिली पिढी, तिचं हे जुनं दुखणं. पेडल मऊ पडतं, रिव्हर्स खरखरतो, पहिला गिअर अडतो. पेडल चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर गिअर पडला, तर क्लचप्लेट नव्हे, बहुतेक हायड्रॉलिकचा, म्हणजे पेडलचा दाब द्रवातून क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा दोष.

गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नको. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला स्लेव्ह सिलिंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा) दोन बोल्टांवर बसलेला असतो. त्याचं रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) मागे सारा. आत ओलं दिसलं की सील गेलं. क्लचच्या डबीतलं ऑइल (ब्रेक फ्लुइड) काळं झालं असेल तर रबर झिजतंय.

नवा स्लेव्ह बसवला की जुना मास्टर सिलिंडरही (पेडलला जोडलेला, दाब तयार करणारा) बरेचदा पाठोपाठ गळतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलावेत. मास्टरची गळती पेडलच्या दांड्यापाशी, आतल्या बाजूने दिसते.

हवा काढायला दोघं हवेत. एक पेडल दाबून धरणार, दुसरा स्लेव्हवरचं हवा काढायचं निपल उघडून बंद करणार, मगच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा परत आत! बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि डबी मध्येच रिकामी होऊ द्यायची नाही. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड चालतं. सिलिकॉनवालं डॉट ५ त्यात मिसळू नका. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.