नवस फिटला

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, म्हणून आज घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचा, एलियाहू हानबीला (एलियाहू प्रेषिताला) बोललेला नवस असाच फिटतो. खजुरावर वेगळी बराखा (आभाराची प्रार्थना), केळ्यावर वेगळी, सुवासाचीसुद्धा वेगळी. घास तोंडात जाण्याआधी एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार! आमच्या धर्मातलं हे मला फार फार आवडतं. आई ताटाकडे बघून म्हणाली, "खजूर कमी पडलेत गं." तिला दिसलं! माझे डोळेच भरून आले. देवानं खूप दिलंय, आणखी काही मागावंसं वाटलं नाही.

‘तू बिश्वात’ला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला, आईला घेऊन अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहूच्या खडकापाशी जायचंय. कोण कोण येतंय?