आमची वाटचाल : आधी माती, मग शिरस्त्राण

बडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे. पाटीवर ‘नाट्यसाहित्य’ लिहिलंय, पण गिऱ्हाईक ‘टोपवाले कुठे?’ असंच विचारत येतं. मुकुट, जिरेटोप, गदा, ढाली सगळं करतो. नाव मात्र झालं ते शिरस्त्राणांमुळे, आणि मनस्ताप झाला तोही त्यांच्याचपायी.

सुरुवात मी आणि मास्तर अशी दोघांनी केली. मास्तर म्हणजे माझे भागीदार. गणपती घडवून हात तयार झालेला, शाळा चौथीपर्यंत. ‘मास्तर’ ही पदवी गल्लीने दिलेली. मी फाईन आर्ट्सचा, शिल्पकार शंखो चौधुरींनी घडवलेल्या शिल्प विभागात शिकलेला. तिथे आम्हाला आकार, अवकाश, रिकामी जागा हे सगळं शिकवलं. पण मी घडवलेला पहिला टोप मास्तरांनी नुसता आरशात धरला आणि विचारलं, “उजवा कान कुठे निघाला?” तेव्हापासून फिरत्या पाटाच्या मागे आरसा लावलेला आहे. डोळा आपल्या हाताच्या चुकीला लगेच सरावतो, आरसा सरावत नाही.

मास्तरांच्या कोरण्या आजही त्याच. दोन बांबूच्या, एक सायकलच्या आऱ्याची, आणि हॅकसॉच्या तुटक्या पात्याची एक. त्या पात्याच्या दातांनी माती आडवी-उभी ओढली की उंचवटे आपोआप दिसतात. बोटाने गुळगुळीत करत बसणाऱ्याला ते शेवटपर्यंत दिसत नाहीत. बाजारात आता डझनाच्या सेटमध्ये चकचकीत कोरण्या मिळतात. नवीन मुलं घेतात, घेऊ देत.

टोप कधी हवेत घडवू नये, डोक्यावर घडवावा. प्लॅस्टरचं डोकं आधी, त्यावर माती. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५७ सें.मी. धरला तर टोपाला आतून ६२ तरी लागतो, कारण खाली फडकं बांधणार, आत फोमचं अस्तर येणार, आणि नट घामाघूम होणार. माती आमची शाडू, भावनगरकडची. वाळताना ती आक्रसते, म्हणून रात्री ओलं मलमल आणि वर प्लॅस्टिक, आणि साचा माती ओली असतानाच. नाकपट्टी कधीही टोपाबरोबर घडवू नका. ती वेगळी घडवा, वेगळी ओता आणि स्क्रूने बसवा, म्हणजे खऱ्या शिरस्त्राणासारखी वरखालीही होते. मानेवरची कड्यांची झालर आम्ही सुतळी विणून चंदेरी रंगवतो. तिसऱ्या रांगेतून कुणाला कळत नाही आणि नटाची मान शाबूत राहते.

हल्ली मेणाच्या मातीची फॅशन आहे. वापरा, पण त्यात गंधक आहे का ते विचारा. गंधकाच्या मातीवर प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे साच्याचं रबर, ओतलं तर मातीला लागलेला थर चिकटच राहतो, मग दुकानदाराला शिव्या देऊन उपयोग नाही. आणि फायबरचं काम करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर.

मधली बरीच वर्षं बरी गेली. नाटकमंडळी, शाळांची गॅदरिंगं, शिवजयंतीच्या मिरवणुका. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते असं. शहरातल्या एका ड्रेपरीवाल्यांनी, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्यांनी, आमचा मोगल सरदाराचा टोप डझनावारी नेला. पैसे रोख, वर तोंडभर कौतुक. पुढच्या सीझनला तोच टोप त्यांच्याकडून निम्म्या भावात विकायला आला. आमच्याच नगावरून साचा मारला होता. ओळखायला तज्ज्ञ लागत नव्हता. टोपाच्या खालच्या पट्टीवर वेलबुट्टी आहे, तिचं डावीकडचं एक पान मास्तरांच्या अंगठ्याने थोडं मुडपलेलं. यांच्याही प्रत्येक टोपावर तेच पान मुडपलेलं! नगावरून काढलेल्या साच्यात कडा बोथट होतात, नक्षी वापरून झिजलेल्या साबणासारखी दिसते, मापही केसभर कमी येतं. पण भाड्याने नेणाऱ्याला त्याचं काय? एका समारंभात तर या गृहस्थांचा ‘शिरस्त्राणांचे शिल्पकार’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी चौथ्या रांगेत होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत.

वकिलाकडे गेलो. त्यांनी विचारलं, “डिझाईन नोंदवलंय? नाही? आणि नग पन्नासच्या वर काढलेत?” कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५. ज्या वस्तूचं डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, तिचे पन्नासहून जास्त नग औद्योगिक पद्धतीने निघाले की त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे माल खपला हाच आमचा गुन्हा. हे कारागिराला कोण सांगतं? धंदा सुरू करताना दुकानाचा मुहूर्त सांगायला दहा जण येतात.

त्यातून सावरतोय तोवर ऑगस्ट २०२४. विश्वामित्री नदीला पूर. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी गेलं ३५ च्याही वर. आमचं साच्यांचं गोदाम समा भागात. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर गुडघाभर चिखल, आणि त्यात प्लॅस्टरचे साचे. प्लॅस्टर इतके दिवस पाण्यात राहिलं की मऊ पडतं, कडा बोटाने निघतात, दोन भाग जुळवणाऱ्या खुंट्या जातात. साचा उरतो, माप उरत नाही. गणपती ७ सप्टेंबरला, पाठोपाठ नवरात्र, ऑर्डरी घेतलेल्या, आगाऊ रकमा खर्च झालेल्या. बायको म्हणाली, दुकान भाड्याने देऊन टाका. मीही हिशेब मांडून बसलो होतो.

अशात त्या ड्रेपरीवाल्यांचा फोन. फार वाईट वाटलं म्हणाले. मग म्हणाले, “तुमच्या त्या टोपाचा साचा माझ्याकडे सुखरूप आहे, हवा तर भाड्याने देतो.” आमचाच टोप, आम्हालाच भाड्याने!

उभं केलं ते आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने. रावपुऱ्यातल्या एका शाळेतल्या बाई, आता निवृत्त. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पहिल्यापासून टोप आमच्याकडूनच, घासाघीस कधी नाही, आणि परत ठेवताना प्रत्येक टोप जुन्या साडीत गुंडाळून. त्यांनी रिक्षातून आमचे जुने टोप आणून दिले. “यावरून साचे काढून घ्या,” म्हणाल्या.

मी तयार होतो. मास्तर अडून बसले. नगावरून साचा आपण मारायचा नाही, मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय. मी आवाज चढवला, तारखा दाखवल्या. ते उठले, शाडू भिजत घातली आणि बाईंचा टोप समोर ठेवून कॅलिपरने मापं घ्यायला लागले. गणपतीच्या बहुतेक ऑर्डरी परत केल्या, पैसेही फेडले, थोडे उधार घेऊन. नवरात्राच्या मात्र वेळेत दिल्या. साच्याच्या पहिल्या थरात मास्तर अजून नीळ घालतात, प्लॅस्टर फोडताना निळं दिसलं की आतला टोप जवळ आला, छिन्नी हलकी करायची.

त्यातच एक नवा टोपही घडवला, कळस उंच, पिसांच्या दोन नळ्या पुढे झुकलेल्या. तो बाजारात जायच्या आधी डिझाईन नोंदणीचा अर्ज केला. नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे पाच वाढवता येतात. कारागिरांनो, आधी अर्ज, मग प्रदर्शन. एकदा लोकांसमोर मांडलं की ते नवं राहत नाही.

शिवजयंतीची ऑर्डर दिवाळीपर्यंत द्या, डोक्याची मापं लिहून द्या, ‘मीडियम’ हे माप नव्हे. आणि सॅम्पल मिळत नाही. परवा त्या ड्रेपरीवाल्यांचा माणूस नवा टोप ‘फक्त बघायला’ मागत होता. त्याला चहा पाजला आणि दुकानातच बघायला सांगितलं.