ट्रॉम्सो ते न्यू-ओलेसुंड: ट्रॅव्हल ग्रँटवरचा ध्रुवीय प्रवास

ध्रुवीय सागरविज्ञानात नव्याने आलेल्यांना प्रवासासाठी जो निधी मिळतो, तो बहुतेक वेळा प्रवास उरकल्यावर खात्यात जमा होतो. तिकीट, मुक्काम, विमा, व्हिसा सगळं आधी आपण भरायचं, पावत्या जपायच्या आणि नंतर वाट बघायची. नॉर्वेच्या उत्तरेतल्या ट्रॉम्सोत कार्यशाळा आणि तिथून पुढे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या न्यू-ओलेसुंड या संशोधकांच्या गावी प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) नमुने गोळा करणं, असा माझा प्रवास अशाच निधीवर झाला. मागून येणाऱ्यांसाठी तपशीलवार लिहिते.

आधी पैसे कुठे असतात ते. आर्क्टिकसाठी आयएएससी ही १९९० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय विज्ञान समिती आहे. तिच्या कार्यगटांत एक सागरी गट आहे आणि बैठकांना येणाऱ्या नवोदितांना तिथून मदत मिळते. अंटार्क्टिकासाठी १९५८पासूनची स्कार ही तशीच आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिची फेलोशिप दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जाऊन काम करण्यासाठी असते. विकसनशील देशांतल्या सागरशास्त्रज्ञांना पोगो आणि स्कोर या दोन आंतरराष्ट्रीय सागरविज्ञान संस्थांच्या संयुक्त फेलोशिपवर एक ते तीन महिने बाहेरच्या संस्थेत शिकता येतं. आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या काळात, २००७ मध्ये उभी राहिलेली एपेक्स ही तरुण ध्रुवीय संशोधकांची संघटना अशा संधींची माहिती सतत पोचवत असते. तिचं सदस्यत्व आजच घ्या.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. स्कोरसारख्या संस्था परिषदांसाठीची प्रवासमदत अनेकदा आयोजकांच्या हाती देतात, म्हणजे आयोजक अर्ज करतात आणि मग ती रक्कम वाटतात. त्यामुळे परिषदेच्या घोषणेत मदतीचा शब्दही नसला तरी विचारायचं, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत संपायच्या बरंच आधी विचारायचं. माझ्या कार्यशाळेच्या पत्रकात काहीच नव्हतं. मी चार ओळींचा ईमेल पाठवला: काम काय आहे, येण्याने काय साधेल, किती खर्च आमची संस्था देईल आणि किती कमी पडतो. मुक्कामाची सोय त्यांनी केली. कमी पडणारा आकडा स्पष्ट लिहिल्याने त्यांना निर्णय घेणं सोपं गेलं, असं नंतर भेटीत कळलं.

निधी मंजूर झाला की लगेच दुसरा प्रश्न विचारा: विमानाचं तिकीट तुम्हीच काढून द्याल का? काही संस्था काढून देतात, काही थोडी आगाऊ रक्कम देतात. यात संकोच वाटण्यासारखं काहीही नाही. ज्यांच्याकडे शिल्लक नाही, क्रेडिट कार्ड नाही, असे चांगले संशोधक मंजूर झालेली ग्रँटही सोडून देतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही. मला हे फार लागतं. पैसे आधी देणं हीच पद्धत व्हायला हवी, आणि आपण प्रत्येकाने विचारत राहिलो तरच ती होईल.

आता व्हिसा. स्वालबार्ड नॉर्वेचा भाग असलं तरी शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण वाट ट्रॉम्सो किंवा ऑस्लोवरून जाते, आणि परतताना तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करता. म्हणून ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी किमान दोनदा प्रवेशाचा व्हिसा मागायचा, आणि निमंत्रणपत्रात स्वालबार्डचा टप्पा तारखांसह लिहून घ्यायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. निकाल साधारण पंधरा दिवसांत लागतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. फील्डवर्क असेल तर त्यात शोध-बचावाचा खर्च धरलेला आहे का ते बघा, कारण साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो.

ट्रॉम्सो थोडक्यात. नॉर्वेची ध्रुवीय संस्था १९९८पासून इथे आहे आणि 'क्रोनप्रिन्स हाकोन' या हिमभेदक संशोधन जहाजाचं हेच ठाणं आहे. कार्यशाळेच्या आदल्या दिवशी पोचलात तर ज्यांच्यासोबत काम करायचं आहे त्यांना निवांत भेटता येतं. एका वाढीव रात्रीचा खर्च अर्जात आधीच दाखवा.

स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथून न्यू-ओलेसुंडला छोटं विमान जातं. सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते, आणि हवामान बिघडलं की उड्डाण पुढे ढकललं जातं. म्हणून परतीच्या तिकिटात मोकळे दिवस ठेवा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या. ते महाग पडतं, पण 'हवामानामुळे होणारा विलंब' असं कारण अर्जात लिहिलं तर निधी देणारे ते बहुधा मान्य करतात. अंटार्क्टिकाला चिलीतल्या पुंता अरेनासवरून जाणाऱ्यांनी तर हे गृहीतच धरावं.

गाव जवळपास ७९ अंश उत्तरेला. भूमापनाच्या रेडिओ दुर्बिणींना अडथळा नको म्हणून इथे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात. मोबाइलचं नेटवर्क नाही, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. सगळे व्यवहार आधीच उरका आणि लॅपटॉपसाठी केबल न्या. प्रकल्पाची नोंद 'रिसर्च इन स्वालबार्ड' या माहितीकोशात आधी करावी लागते. काँग्सफ्योर्ड या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीकाठची सागरी प्रयोगशाळा २००५पासून चालू आहे. वसंतात वनस्पती-प्लवक बहरतं तेव्हा जाळं वर आलं की हिरवट तपकिरी लगदा हाताला लागतो, आणि त्यात कॅलॅनस या इवल्याशा कवचधारी प्राण्याच्या आर्क्टिक जातीसोबत अटलांटिकची लहान, कमी चरबीची जात सापडते. हे फ्योर्ड उबदार अटलांटिक पाण्याला उघडं आहे. अटलांटिकच्या जाती उत्तरेकडे सरकण्याचा, लेखांमधून वाचलेला बदल सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजताना मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. यासाठीच प्रवास करायचा असतो.

नमुने परत आणण्याचा खर्च ट्रॅव्हल ग्रँटमध्ये क्वचितच बसतो, तो वेगळा मागा. प्रवासी सामानात सुका बर्फ माणशी २.५ किलोपर्यंतच, तोही विमान कंपनीच्या परवानगीने. फॉर्मॅलिन सहसा नेता येत नाही. शक्य तर मोजणी तिथेच करून फक्त आकडे आणि फोटो आणा.

बोर्डिंग पास आणि पावत्यांचे त्याच दिवशी फोटो काढा, थर्मल कागदावरची शाई उडते. अहवाल परतल्याच्या आठवड्यातच पाठवा. बऱ्याच ठिकाणी तो पोचल्याशिवाय पैसे सुटत नाहीत.